नवीन इंडी आणि इलेक्ट्रॉनिक गाणी शोधायची कशी आणि मग पाठवायची कशी

मागच्या आठवड्यात नाशिकहून माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला, "ताई, ॲप सारखं तेच तेच वाजवतंय गं, तुला ही अशी गाणी मिळतात तरी कुठे?" तिला व्हॉइस नोट करायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली आणि तरी अर्धं सांगायचं राहिलंच. म्हणून आता नीट लिहूनच काढते, तिच्यासाठी आणि जे कोणी इंडी रॉक, इलेक्ट्रॉनिक वगैरेच्या वाटेला नव्यानेच लागलेत त्या सगळ्यांसाठी.

आधी शब्दांचं उरकून घेते. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, स्वतःच्या किंवा एखाद्या छोट्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या, जिवावर काढलेलं संगीत. आपल्याकडे सिनेमात नसलेलं सगळंच इंडी म्हणून खपतं, ते तितकंसं बरोबर नाही पण त्यावर वाद घालत बसू नका. इलेक्ट्रॉनिक म्हणजे सिंथेसायझर, ड्रम मशीन, कॉम्प्युटर यांच्यावर बनलेलं, मग ते नाचायचं असेल किंवा रात्री अंधारात पडून ऐकायचं असेल. एवढं पुरे.

आणि एक गोष्ट, जिच्यावर हे सगळं उभं आहे. चांगलं गाणं शेवटी माणसाकडूनच मिळतं. तो माणूस तुमचा मित्र असेल, सिएटलमधला रेडिओवाला असेल, किंवा ज्याचं नावही तुम्हाला माहीत नाही असा कोणीतरी ज्याने तुमच्याच आवडीचा अल्बम विकत घेतलाय. त्या माणसापर्यंत पोचायचं कसं, तेवढंच पुढे सांगितलंय.

पायरी १: एकच गाणं धरा आणि त्याचा माग काढा

नवीन माणूस पहिली चूक काय करतो तर 'बेस्ट इंडी' नावाची तीनशे गाण्यांची प्लेलिस्ट लावतो आणि काम करत बसतो, संध्याकाळपर्यंत एकही गाणं लक्षात राहिलेलं नसतं. तसं नका करू. तुम्हाला खरंच आवडलेलं एक गाणं घ्या, एकच, आणि बघा की ते कोणी गायलंय, कोणी वाजवलंय, कोणी मिक्स केलंय, कुठल्या लेबलने काढलंय, हा बँड कोणासोबत शो करतो. स्ट्रीमिंग ॲपमध्ये गाण्यापुढच्या तीन टिंबांवर दाबलं की क्रेडिट्स दिसतात, बहुतेकांनी ते कधी उघडलेलंच नसतं.

उदाहरण देते. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाचा बँड आहे, जुन्या हॉटेलातल्या बँडसारखा ब्रास, थोडा जॅझ, थोडा रॉक असं सगळं एकात. समजा त्यांचं एखादं गाणं तुम्हाला आवडलं. गाणारा कोण तर सूर्यकांत साहनी. आता या माणसाचं दुसरं काय आहे असं शोधलं की लिफाफा हे नाव मिळतं, तो त्याचा एकट्याचा प्रोजेक्ट, हिंदीतून गाणं आणि खाली पूर्ण इलेक्ट्रॉनिक बीट्स, 'जागो' हा अल्बम २०१९ चा. म्हणजे बघा, एका माणसाचा हात धरून तुम्ही रॉक बँडमधून थेट इलेक्ट्रॉनिकमध्ये आलात, वाटेत कुठलंही ॲप नाही.

लेबल हा तर सगळ्यात पक्का धागा आहे, कारण छोटं लेबल म्हणजे बहुतेक वेळा एकदोन माणसांची आवड असते. कोलकात्याची पारेख अँड सिंग ही जोडी घ्या, हळुवार, स्वप्नातली वाटावीत अशी गाणी. त्यांची गाणी लंडनच्या पीसफ्रॉग या लेबलने काढली. आता पीसफ्रॉग बघायला गेलात तर ते १९९१ पासूनचं टेक्नोचं, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं लेबल निघतं, तिथे डेट्रॉइटचा मूडीमॅन हा इलेक्ट्रॉनिक कलाकार सापडतो, आणि त्याच घरात स्वीडनचा होसे गोन्झालेस, नुसती गिटार आणि आवाज. कोलकाता, डेट्रॉइट, स्वीडन, तिन्ही एका दुपारीत. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा त्या दिवशी जेवायला उठले ते चार वाजता.

आणि हो, नवीन म्हणजे कालच रिलीज झालेलं असंच काही नाही, तुम्ही ऐकलेलं नसेल तर ते तुमच्यासाठी नवीनच. चरणजीत सिंग हे मुंबईतले सिनेमातले वादक, बेस गिटार आणि सिंथेसायझर वाजवायचे, आर. डी. बर्मनसारख्यांच्या रेकॉर्डिंगला असायचे. त्यांनी १९८२ मध्ये जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३, आणि भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. टीबी-३०३ हे खरं तर गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेलं यंत्र, शिकागोच्या पोरांनी त्याच्यातून ॲसिड हाउस नावाचं नाचायचं संगीत काढलं आणि त्याची गाजलेली रेकॉर्ड आली १९८७ ला. म्हणजे आपल्या मुंबईत तोच आवाज पाच वर्षं आधी, रागात बांधून, रेकॉर्ड होऊन पडला होता. २००२ मध्ये एका डच रेकॉर्डप्रेमीला ती रेकॉर्ड दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने आपल्या छोट्या लेबलवरून ती परत काढली आणि मग जगभर लोकांनी ऐकली. चरणजीत सिंग २०१५ मध्ये गेले, त्याआधी परदेशात त्यांचे शोसुद्धा झाले हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. हे सगळं एका माणसाने दुकानातली रेकॉर्ड उलटून पाहिली म्हणून झालं.

म्हणून जुनं परत काढणारी लेबलंही लक्षात ठेवा. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत १९६९ मध्ये चक्क मूग नावाच्या कंपनीचा सिंथेसायझर बसवला होता, तिथे भारतीय लोकांनी केलेल्या टेप्स पन्नास वर्षं कपाटात होत्या, त्यातलं निवडक २०२३ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आलं. ऐका एकदा. सोपं नाहीये ऐकायला, पण ऐका.

पायरी २: बँडकॅम्पवर खोदायला शिका

मला कोणी एकच जागा सांग म्हटलं तर मी बँडकॅम्प ही साइट सांगेन. २००८ पासून आहे, कलाकार स्वतः अल्बम टाकतो, किंमत स्वतः ठरवतो, काही जण तर 'हवे तेवढे द्या' असंही ठेवतात. विकत घ्यायच्या आधी बहुतेक वेळा पूर्ण अल्बम ऐकता येतो, अकाउंटही लागत नाही.

पण खरी गंमत पानाच्या त्या कोपऱ्यात आहे जिथे कोणी बघत नाही. अल्बमच्या कव्हरखाली छोट्या छोट्या चौकोनी फोटोंची रांग असते, हा अल्बम ज्यांनी पैसे देऊन घेतला त्यांची. काहींनी खाली दोन ओळी लिहिलेल्या असतात की मला यातलं अमुक गाणं का आवडलं. ज्याची ओळ तुम्हाला पटली त्याच्या फोटोवर दाबा, त्याने आजवर घेतलेलं सगळं समोर येतं. एखाद्याच्या घरी जाऊन त्याचं रेकॉर्डचं कपाट बघावं तसं. त्या कपाटात तुमच्या ओळखीचे दोन आणि अनोळखी चाळीस अल्बम असतील, त्या चाळीसमधले पाच उघडा. बस. मला गेल्या दोन वर्षांत आवडलेलं निम्मं संगीत असंच मिळालंय, कुठल्या कोण माणसांकडून ज्यांच्याशी मी कधी एक शब्द बोललेले नाही.

दुसरं म्हणजे टॅग. प्रत्येक अल्बमखाली प्रकाराचे टॅग असतात आणि शहराचाही असतो. 'पुणे', 'मुंबई', 'गोवा' असं शोधून बघा, तुमच्याच गावातला कोणीतरी बेडरूममध्ये बसून काय काय करतोय ते कळतं.

पैशाचं सांगते कारण यावर सगळे अडतात. आपल्याकडच्या कार्डांवर इंटरनॅशनल वापर बहुतेक वेळा बंदच असतो, २०२० पासून नवीन कार्ड तसंच येतं, तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो, खरेदी झाली की परत बंद करून टाका. डिजिटल विक्रीत बँडकॅम्प १५ टक्के घेतं, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराला. वर्षातले काही ठरावीक शुक्रवार असे असतात की ते आपला वाटा घेतच नाहीत, कोविडमध्ये मार्च २०२० ला हे सुरू झालं. मी महिनाभर आवडेल ते विशलिस्टमध्ये टाकून ठेवते आणि त्या शुक्रवारी त्यातलं एक किंवा दोन घेते, पगाराच्या हिशोबात बसेल तेवढंच.

आणि घ्याच असं का म्हणते, तर एका स्ट्रीमिंग ॲपवर मी चार वर्षं जमवलेली प्लेलिस्ट होती, एक दिवस उघडली तर साठेक गाणी राखाडी झालेली, दाबलं तरी वाजेना. काय झालं, का झालं, काही नाही, विचारलं तर छापील उत्तर आलं. त्यातल्या काही गाण्यांची तर नावंही आता दिसत नाहीत, ती कोणती होती हे मला अजून आठवत नाहीये आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. डाउनलोड करून डिस्कवर ठेवलेली फाइल अशी कोणी काढून नेत नाही.

पायरी ३: माणूस बोलतो तो रेडिओ

केईएक्सपी हे सिएटलचं स्टेशन, विद्यापीठातलं छोटं स्टेशन म्हणून सुरुवात झालेलं, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं, इंटरनेटवर फुकट ऐकता येतं. त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, मागे लुकलुकत्या दिव्यांच्या माळा आणि पुढे बँड. व्हिडिओ छानच आहेत पण मी म्हणेन थेट रेडिओ ऐका. सिएटल आपल्या साडेबारा तास मागे, त्यांच्या हिवाळ्यात साडेतेरा, म्हणजे त्यांची सकाळ ही आपली संध्याकाळ. कुकर लावायच्या वेळेला तिकडे सकाळचा शो सुरू होतो. आता काय वाजतंय ते साइटवर लिहून येतं आणि हुकलं तर मागच्या दोन आठवड्यांचं परत ऐकता येतं.

दुसरं लंडनचं एनटीएस, २०११ पासूनचं, दोन चॅनेल आहेत, जास्त विचित्र आणि इलेक्ट्रॉनिककडे जास्त झुकलेलं. तिथे एखाद्याचा शो आवडला की त्याच माणसाचे जुने शो काढून ऐकायचे, गाण्यांची यादी बरोबर दिलेली असते.

डीजेंचे लांबलचक मिक्स ऐकायचे असतील तर साउंडक्लाउड. तिथे कमेंट गाण्याच्या नेमक्या सेकंदाला चिकटवता येते, मग बत्तिसाव्या मिनिटाला कोणीतरी 'ट्रॅक आयडी?', म्हणजे हे गाणं कुठलं, असं विचारलेलं असतं आणि खाली कोणी भल्या माणसाने नाव सांगितलेलं असतं. शाझम हे गाणं ऐकून नाव सांगणारं ॲपही लावून बघा, फक्त दोन गाणी एकमेकांत मिसळत असतात तेव्हा ते गोंधळतं, एकच गाणं मोकळं वाजेपर्यंत थांबा.

पायरी ४: ॲपला थोडं वळण लावा

ॲप वाईट नाही, त्याला तुम्ही काय देता त्यावर आहे. लहान भाच्यासाठी लावलेली बालगीतं आणि झोपताना लावलेला पावसाचा आवाज हे तुमच्या खात्यात मोजू देऊ नका, प्रायव्हेट सेशन चालू करा. स्पॉटिफायवर दर सोमवारी तीस गाण्यांची यादी येते, ती सगळी ऐकू नका, त्यातलं एक पकडा आणि परत पायरी १. आणि तुमच्या ओळखीतला छोटा बँड असेल तर हे माहीत असू द्या की २०२४ पासून तिथे वर्षाला १००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला पैसे सुरूच होत नाहीत, तर त्यांचं गाणं लावा, सेव्ह करा, त्याने खरंच फरक पडतो.

पायरी ५: ऐकायचं कसं

यावर कोणी बोलत नाही. इलेक्ट्रॉनिक गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकून 'यात काय आहे' म्हणू नका, कारण त्यातलं जे आहे ते खाली ५० ते ६० हर्ट्झच्या बेसमध्ये आहे आणि तो एवढासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. साधे हजार रुपयांचे वायरवाले इअरफोन चालतील.

दुसरं, नाचायच्या ट्रॅकचं पहिलं एखादं मिनिट नुसता ठेका असतो, लोक कंटाळून पुढे ढकलतात. तो ठेका डीजेसाठी ठेवलेला असतो, आधीच्या गाण्यात हे गाणं मिसळायला जागा म्हणून. घाई करू नका, ख्यालात आलाप असतो तसं समजा, गाणं मागून येतंय. नाचायच्या संगीतातला हाउस हा प्रकार साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोके, ड्रम अँड बेस हा दुसरा प्रकार १७० च्या आसपास. ज्याने ढोल-ताशा पथकात एक सीझन काढलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, कान आधीच तयार असतो.

आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा काम करता करता, दुसऱ्यांदा इअरफोन लावून डोळे मिटून, तिसऱ्यांदा दोन दिवसांनी. तिसऱ्यांदा आवडलं नाही तर सोडून द्या, त्यात कमीपणा नाही. मी एक वही ठेवलीय, साधी दोनशे पानी, त्यात तारीख, गाणं, आणि कोणाकडून मिळालं ते लिहिते. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण सहा महिन्यांनी कळतं की आपल्याला सारखी चांगली गाणी देणारं माणूस नेमकं कोण आहे.

पायरी ६: जमेल तेव्हा समोर जाऊन ऐका

छोटी जागा बघा, आणि वेळेवर जा. मुख्य बँडच्या आधी जो पोरासोरांचा बँड वाजवतो तोच तुमचा नवीन शोध. २०१० पासून पुण्यात एनएच-७ वीकेंडर हे म्युझिक फेस्टिव्हल व्हायला लागलं तेव्हा आम्ही दुपारी तीनच्या उन्हात सगळ्यात लहान स्टेजपाशी जाऊन उभ्या राहायचो, समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी बँडचीच मित्रमंडळी. आवडलं तर शो झाल्यावर जाऊन सांगा त्यांना, टी-शर्ट असेल तर घ्या. संत-अभंग ड्रम आणि बेस गिटारवर वाजवणाऱ्या अभंग रिपोस्टसारखा बँड तर आईबाबांना घेऊन जाण्यासारखा आहे.

पायरी ७: आता पाठवायचं कसं

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. गोव्यात हणजुणेच्या पार्ट्यांमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकात डीजे लोक कॅसेटवर आणि मग डॅट या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे, उन्हात व्हायनिलच्या तबकड्या टिकायच्या नाहीत म्हणून, आणि एकमेकांच्या टेप कॉपी करून घ्यायचे. बर्लिनचा माणूस आपली टेप गोव्यात देऊन जायचा, दुसरा ती घेऊन इस्राएलला जायचा. गोवा ट्रान्स हा इलेक्ट्रॉनिकचा प्रकार असा हातोहात वाढला. लिंक पाठवणं म्हणजे तेच काम, फक्त ते हाताने दिल्यासारखं झालं पाहिजे.

तर, ग्रुपवर नुसती लिंक टाकू नका. सकाळच्या सुविचारांच्या आणि फॉरवर्डच्या गर्दीत ती कोणी उघडत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. एका माणसाला एक गाणं पाठवा. सोबत दोन-तीन ओळी लिहा: हे तुलाच का पाठवतेय, कुठल्या मिनिटाला काय होतं, आणि कधी ऐक. 'भारी आहे ऐक' याने काही होत नाही. 'अडीच मिनिटं धीर धर, मग बेस येतो, एसटीत खिडकीशी बसून ऐक' असं लिहिलं की माणूस ऐकतो. फाइल फॉरवर्ड करण्यापेक्षा कलाकाराच्या स्वतःच्या पानाची लिंक द्या, म्हणजे आवडलं तर पुढचं दार उघडंच असतं.

माणूस बघून गाणं निवडा. माझे बाबा आयुष्यभर शास्त्रीय ऐकणारे, त्यांना मी इलेक्ट्रॉनिक असा शब्दही उच्चारला नाही. एका रविवारी ते स्वयंपाकघरात लसूण सोलत बसले होते, मी ओट्यावर स्पीकर ठेवून चरणजीत सिंगांचा भैरव लावला, काही बोलले नाही. थोड्या वेळाने लसणाची पाकळी तशीच बोटात धरून म्हणाले, "भैरव आहे हा. पण तबला कुठंय?" मी म्हटलं तबला नाहीये बाबा, मशीन आहे. मग त्यांनी पूर्ण ऐकला, मान खाली घालून, आणि म्हणाले, "मालकंस केलाय का यांनी?" केलाय. तो लावला. नंतर त्यांनी तो भैरव त्यांच्या सकाळच्या फिरायच्या मित्राला पाठवला, मला न विचारता, आणि खाली लिहिलं होतं, 'भैरवाचा कोमल रिषभ नीट ऐक.'

प्लेलिस्ट करायची असेल तर दहा गाणी, जास्तीत जास्त बारा. क्रम लावा, आधी ओळखीचं वाटेल असं एक, मग हळूहळू लांब न्या, सगळ्यात अवघड गाणं सातव्या-आठव्या नंबरला, शेवटचं शांत. एकाच कलाकाराची दोन नकोत. आणि तुम्हाला एखादं गाणं कोणी दिलं असेल तर पुढे देताना त्याचं नाव सांगा, 'हे मला अमक्याने दिलं'.

ग्रुप करायचाच असेल तर पाच जणांचा करा, आमचा तसाच आहे. दर शुक्रवारी, कारण २०१५ पासून जगभरात नवे अल्बम शुक्रवारीच येतात, प्रत्येकाने एकच गाणं टाकायचं, तीन ओळींसकट, आणि रविवारपर्यंत बाकीच्या चौघांनी ऐकून काहीतरी खरं लिहायचं. 'नाही आवडलं' चालतं, पण का ते सांगायचं. नुसता अंगठा चालत नाही.

मामेबहिणीला आता या ग्रुपात घेतलंय, एक जण दुबईला गेला आणि त्याच्या शिफ्टमध्ये त्याला जमेना म्हणून जागा रिकामी होती. काल तिने पहिलं गाणं टाकलं, नाशिकच्याच कोणा पोराने घरी बसून केलेलं, शहराच्या टॅगवरून शोधलेलं. खाली तीन ओळी होत्या आणि 'एक मिनिट दहा सेकंदांना मागे प्रेशर कुकरची शिट्टी आहे, ती मुद्दाम ठेवलीय' असं. माझं दोनदा ऐकून झालंय. तिसऱ्यांदा उद्या ऐकते, मग तिला लिहीन.